हद्द कायम

नाना कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की आधी भिंतींकडे बघतात, मग माणसांकडे. चहा येईपर्यंत डोळ्यांनीच त्यांचं बरंच काम उरकलेलं असतं. बशीतला शेवटचा घोट घेऊन ते यजमानाला सहज सांगतात, "तुमची ही भिंत शेजाऱ्याकडं सहा बोटं सरकलीय. तुमच्या वडिलांनी नसेल केलं. आजोबांच्या वेळचं काम दिसतंय. असू द्या." नाना 'असू द्या' म्हणून निघून येतात आणि तिकडं त्या घरात रात्री उशिरापर्यंत दिवा जळत राहतो.

भूकरमापक म्हणून परभणी जिल्ह्यातल्या असंख्य बांधांवरून ते चाललेले आहेत. जिंतूरकडच्या डोंगराळ माळरानापासून गंगाखेड-सोनपेठच्या गोदाकाठच्या काळ्या रानापर्यंत. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. पुढं टेप आले, मशिनी आल्या, उपग्रहावरून मोजणारे रोव्हर आले, पण नानांच्या डोक्यातली साखळी काही गुंडाळली गेली नाही. लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या ते मांडवाचं क्षेत्रफळ काढतात आणि वरण येण्याच्या आत निकाल देतात : "पावणेतीन गुंठ्यांत चारशे पान बसवलंय. वाढपी अडकूलालेत ते उगं नाही." मानवत रोड हे स्टेशन मानवत गावापासून इतकं लांब का, यावरही त्यांचं मत पक्कं आहे. "रेल्वेनं लगतधारकांना नोटिसाच दिल्या नसणार."

गल्लीतल्या पोरांचा चेंडू 'चौकार की षटकार' यावर अडला की पोरं नानांकडेच येतात. नाना चप्पल घालतात, जागेवर जातात, दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून घेतात आणि निकाल राखून ठेवतात.

तर अशा माणसाच्या माळ्यावर खारींनी अतिक्रमण केलं.

नानांचं घर मूळचं माळवदाचं. सागवानी खांब, जाड तुळया, त्यावर फळ्यांची तक्तपोशी आणि वर पांढऱ्या मातीचा थर. माळवद उन्हाळ्यात गार राहतं हे खरं, पण त्याला दर मृगाच्या आत माती टाकावी लागते, चोपावी लागते, आणि ते करणारी माणसं मिळेनाशी झाली. तेव्हा नानांनी माती उतरवली आणि वर नालीदार पत्रे ठोकून घेतले. पत्रे आणि तक्तपोशी यांच्यामध्ये जी माणूसभरही नाही अशी जागा उरली, तो माळा. त्यात पितळी हंडे, बायकोच्या, म्हणजे माईंच्या, माहेरची ट्रंक, तिन्ही लेकींच्या लेकरांनी वापरलेला लोखंडी पाळणा, पाहुण्यांच्या गाद्या आणि नानांचं 'रेकॉर्ड', म्हणजे नोकरीभर जमवलेल्या कच्च्या नकाशांच्या गुंडाळ्या.

आता पत्रा नागमोडी आणि भिंत सरळ. पत्रा भिंतीवर जिथं टेकतो तिथं त्याच्या प्रत्येक उंचवट्याखाली एक अर्धगोल भोक उरतं. आपल्याला ते भोक वाटतं, खारीला तो दरवाजा वाटतो, आणि एका भिंतीवर असे वीस-पंचवीस दरवाजे ओळीनं उघडे असतात. गवंड्यानं ते सिमेंटनं बुजवलेले होते. पण मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्रा तापून फुगतो, रात्री आकसतो. त्या ओढाताणीत सिमेंटच्या खपल्या कधी सुटल्या ते कुणाला कळलं नाही. खारींना कळलं.

नानांना आवाज आला तो दुपारच्या झोपेत. उठून त्यांनी घड्याळ बघितलं आणि तिथंच तपास लावला. "रात्रीची खुडबुड असती तर उंदीर. नाहीतर घूस. ही दिवसाढवळ्या चाललीय म्हणजे खार. ती कार्यालयीन वेळेतच काम करते."

त्यांच्या वागण्यातली एक गोष्ट इथंच सांगितली पाहिजे. दुसरा कुणीही असता तर काठी घेऊन शिडीवर चढला असता. नाना कागद घेऊन चढले. खाली उतरल्यावर त्यांनी जो पंचनामा लिहिला त्यावर पंच म्हणून मी आणि दूधवाल्यानं सह्या केल्या, म्हणून तो माझ्या लक्षात आहे. 'मौजे मानवत येथील राहत्या घराचे माळ्यावर समक्ष पाहणी केली असता खार जातीच्या प्राण्याने घर बांधून वहिवाट सुरू केल्याचे दिसून आले. सदर जागेची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस पितळी हंडे, पश्चिमेस सौ. यांची ट्रंक, दक्षिणेस पाळणा, उत्तरेस अर्जदाराचे नकाशे.' खाली नकाशा, त्याला उत्तर दिशेचा बाण, आणि कोपऱ्यात प्रमाण. दूधवाल्यानं सही करताना विचारलं, "नाना, खारीची सही कुठं घ्यायची?" नाना म्हणाले, "गैरहजर."

दुसऱ्या दिवशी मला नोटीस आली. मी लगतधारक. माझ्या अंगणातल्या बदामाची एक फांदी नानांच्या पत्र्यावर झुकली होती आणि खारी तिचा रस्ता म्हणून वापर करतात असं नानांचं म्हणणं होतं. पत्र्यापासून आठ फुटांच्या आत फांदी असता कामा नये. फांदी मी तोडली. खारी केबलच्या वायरीवरून यायला लागल्या. ती वायर कुणाच्या हद्दीत येते यावर नानांनी केबलवाल्याला गाठलं तेव्हा त्यानं नाव बघून फोन उचलणंच बंद केलं.

मधल्या काळात सगळ्यांनीच आपापले उपाय सुचवले, आणि ते झालेही. डांबरगोळ्या टाकल्या, माळ्यावर डांबराचा वास आणि खारी दोन्ही राहिल्या. लाल मिरच्यांची धुरी दिली, तेव्हा घरातली माणसं बाहेर आली, शेजारची माणसं बाहेर आली, आणि बदामावर बसलेल्या खारींनी हा जमाव शेपट्या उडवत बघितला. मग पुण्याच्या जावयानं एक यंत्र पाठवलं. ते भिंतीतल्या सॉकेटात लावायचं. त्यातून म्हणे माणसाला ऐकू येणार नाही असा आवाज निघतो आणि प्राणी पळून जातात. खोक्यावर 'जर्मन तंत्रज्ञान' असं छापलेलं होतं. आता 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आमच्याकडं शेंबडं पोरही म्हणतं, त्यामुळं सामना तुल्यबळ होणार असं गल्लीचं मत पडलं. आठवड्याच्या आत परभणीनं जर्मनीची वायर कुरतडली. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजवायला तिला काहीतरी कडक लागतंच. त्या कामी सुपारीपेक्षा वायर तिला जास्त पसंत पडते असं दिसतं.

समोरच्या किराणावाल्यानं मात्र आवाज खाली घेऊन सांगितलं, "नाना, उंदराची पुडी देतो. पिठात कालवून ठेवा. दोन दिवसांत माळा मोकळा."

नाना एरवी रागावत नाहीत. तेव्हा रागावले. "मोजणीदार कब्जा काढत नसतो, हद्द दाखवतो. कब्जा द्यायचा तर कोर्ट बसलंय." हे ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले नाहीत. एका तासासाठी, म्हणजे नांगराच्या एका ओळीसाठी, सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात कुऱ्हाड घेऊन उभे राहिलेले त्यांनी पाहिलेत. बांध कोरणारा एका वर्षात वीतभरच कोरतो, त्यामुळं पहिली काही वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्षात येतं तेव्हा दोघांची लेकरं शाळेत एका बाकावर बसलेली असतात. अशा ठिकाणी नाना मोजणीचा फळा मांडायचे, जुनं टिपण काढायचे आणि दगड कुठं होता ते सांगायचे. दगड रोवून झाला की दोन्ही बाजू नानांना शिव्या देत घरी जायच्या. दोन्हीकडून शिव्या आल्या म्हणजे मोजणी बरोबर झाली, ही त्यांची खूण.

माई खारींच्या बाजूनं होत्या हे सांगायला नकोच. "सेतू बांधताना वाळू आणून टाकत होती ती. रामानं हात फिरवलाय तिच्या पाठीवर."

"सेतूच्या कामावर होती, मान्य. हजेरीपत्रक दाखव म्हणावं."

"पाठीवर पट्टे आहेत की. तेच हजेरीपत्रक."

पट्ट्यांवरून प्रकरण कुठल्या कुठं गेलं. नानांचा एक भाचा परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकतो. सुट्टीला आला तेव्हा मामांनी त्याला माळ्यावर चढवलं. "मामा, माझा विषय किडे आहे," असं तो म्हणत होता, पण पोरगा हुशार. त्यानं खाली येऊन सांगितलं, की खार मारायची किंवा पिंजऱ्यात धरून न्यायची गोष्टच काढू नका, वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बहात्तर साल म्हटलं की मराठवाड्याला आधी दुष्काळ आठवतो. त्याच १९७२ साली परभणीत हे कृषी विद्यापीठ निघालं आणि त्याच साली दिल्लीत हा कायदाही झाला. कायद्याच्या जुन्या चौथ्या परिशिष्टात पाच पट्ट्यांची खार नावानिशी होती. २०२२ च्या दुरुस्तीनं सगळी परिशिष्टंच नव्यानं लावली.

नानांनी एवढंच ऐकलं : पाच पट्ट्यांची. "आपली किती पट्ट्यांची?"

आपल्या देशात दोन्ही आहेत, तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची. पाचवालीचे मधले तीन पट्टे ठळक असतात, कडेचे दोन फिकट.

"फिकट म्हणजे? हद्द फिकट कशी असंल? असती किंवा नसती."

त्या दिवसापासून नाना अंगणात खुर्ची टाकून, जुनी दुर्बीण डोळ्याला लावून खारीचे पट्टे मोजायला लागले. आता ज्या माणसानं जमीन मोजली त्याला एक सवय असते : मोजायची वस्तू जागेवर राहते. खार राहत नाही. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत आले की ती उलटी होऊन खोडाच्या मागं जायची. "रामाची बोटं तीन, म्हणजे पट्टे तीन," माई आतून म्हणायच्या. नाना म्हणायचे, "मग कायद्यात पाच कसे आले?" माईंनी यावर जे उत्तर दिलं ते बिनतोड होतं. "रामाच्या हाताला बोटं पाचच होती ना? करंगळी आणि अंगठा हलके लागले असतील."

नानांनी दुर्बीण खाली ठेवली आणि वहीत 'पाच (दोन फिकट)' अशी नोंद केली. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू म्हणजेही एक मोठी खारच, हे भाच्यानं जाता जाता सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे वशिलाही आहे."

तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात खारींचा उल्लेख 'संरक्षित कूळ' असा येऊ लागला. हा शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हसवतोही आणि चावतोही. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, मागोमाग १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आला, आणि त्यात संरक्षित कूळ नावाची असामी जन्माला आली. तिला मालकानं मनाला येईल तसं हलवायचं नाही; उलट कायद्यात बसलं तर जमीन तिच्याच नावावर व्हायची. नानांची अर्धी नोकरी अशा नोंदींच्या मागं गेली. आता ते कूळ स्वतःच्या डोक्यावर येऊन बसलं होतं आणि फाळा म्हणून बदामाच्या कुरतडलेल्या कोया देत होतं.

आणखी एक काळजी त्यांना लागली. दुसऱ्याच्या मिळकतीवर बारा वर्षं उघड, अखंड आणि मालकाला न जुमानता ताबा ठेवला की मालकाला तो परत मागता येत नाही, असा मुदतीचा कायदा आहे, १९६३ चा. खारी नेमक्या कधी आल्या हे माहीत नव्हतं. पत्रे टाकून तर बारा वर्षं होत आली होती. "नाना, खार बारा वर्षं जगत तरी असेल का?" असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "वारस असतात."

म्हणून ताब्यात खंड पाडणं आलं. रोज सकाळी साडेदहाला, म्हणजे त्यांच्या जुन्या कचेरीच्या वेळेला, नाना मधल्या खोलीत उभे राहत, काठीनं तक्तपोशीवर तीनदा ठोकत आणि मोठ्यानं म्हणत, "हरकत आहे!" वरून 'चिर्रक् चिर्रक् चिर्रक्' असं उत्तर यायचं. नाना वहीत लिहायचे : 'प्रतिवादीस हरकत कळविली. म्हणणे : अमान्य.' साक्षीदार म्हणून माईंनी स्वैपाकघरातून 'ऐकलं' म्हणायचं, असं ठरलेलं होतं. पाहुणे असले तरी यात खाडा नव्हता. धाकट्या लेकीच्या सासरची माणसं आली होती तेव्हा पोह्यांच्या बशा हातात घेऊन ती सगळी छताकडं बघत बसली होती.

शेवटी गवंडी बोलावला. तो शिडीवर चढला, कोपऱ्यातली गादी बाजूला केली आणि वरूनच ओरडला, "नाना, कामून तरास करून घेऊलालात? सिमिट भरतो, भोकं बुजवतो, मोकळं होऊ." मग थोडा वेळ शांतता. मग हळू आवाजात, "पिलं हायेत पण."

मीही चढलो. घरटं नारळापेक्षा थोडं मोठं, गोल, एका बाजूला बोटभर वाट. वरचा थर गोणपाटाच्या सुतळीचा. आत कापूस, पण किती! मानवत कापसाचा गाव. हंगामात जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडच्या बाभळींना लोंबत असतो, तो सगळा इथं आणून पिंजलेला. त्यात पाहुण्यांच्या गादीचाही वाटा होता. माईंच्या जुन्या लुगड्याच्या काठाची एक हिरवी चिंधी होती. आणि अस्तराला, अगदी बेतानं दातांनी फाडलेल्या, नकाशाच्या पट्ट्या. मध्ये अंगठ्याएवढी तीन पिलं, गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली, एकमेकांच्या अंगाखाली शिरायला धडपडणारी.

नानांनी चष्मा लावला. मला वाटलं, आता नकाशासाठी आरडाओरडा होणार. त्यांनी मान तिरकी करून एक पट्टी नीट वाचली. "पाथरी तालुका आहे हा. नाला बघा कसा बरोबर दाखवलाय. माझं अक्षर." आणि गवंड्याला म्हणाले, "घमेलं घेऊन जा. पिकं उभी असताना मोजणी करत नसतात."

भाच्याचाही फोनवर तोच सल्ला पडला, फक्त कारणं वेगळी. पिलं आत असताना भोकं बुजवली तर आई बाहेर राहते. ती पत्रा, लाकूड, सिमेंट जे येईल ते कुरतडत आत यायला बघते, आणि नाहीच जमलं तर पिलं आत मरतात, मग तो वास महिनाभर घरात. दीड-दोन महिने थांबा, पिलं हिंडायला लागली की कामाला लागा. एकदम बंद करू नका. सगळी भोकं बुजवून एक ठेवा, त्याला बाहेर उघडणारं पत्र्याचं हलकं झाकण लावा. बाहेर जाता येईल, आत येता येणार नाही. आणि जाळी अर्ध्या इंचाची घ्या, लोखंडी. प्लॅस्टिकची ती एका सकाळीत खाते.

हे दोन महिने नानांनी वाया घालवले नाहीत. जायकवाडीचा डावा कालवा आमच्या भागातून गेलाय, निम्न दुधनाचं धरण तिकडं सेलूकडं झालं. जमिनी गेलेल्या माणसांचे नकाशे नानांनी स्वतः काढलेत. "आधी पुनर्वसन, मग धरण, असं कागदावर बघितलंय. डोळ्यांनी कधी बघायला मिळालं नाही. इथं करून बघू." त्यांनी फळ्या ठोकून एक खोकं केलं, त्याला दीड इंचाचं भोक पाडलं, आत सरकी काढलेला कापूस भरला आणि कडुनिंबाच्या बेचक्यात, मूळ जागेपासून मोजून, बांधलं. खोक्यावर रंगानं आकडा टाकला.

तिथं चिमण्या राहायला आल्या. खारींनी ढुंकूनही बघितलं नाही. नानांना याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "लाभार्थी नेहमी भलताच निघतो," ते म्हणाले आणि तशी नोंद केली.

पिलं मोठी झाली, पत्र्यावर एकमेकांच्या मागं पळायला लागली, तेव्हा काम सुरू झालं. गवंडी, त्याचा पोरगा आणि खाली खुर्चीवर नाना. प्रत्येक भोकात जाळीचा तुकडा दुमडून आत खोचायचा, त्यावर सिमेंट. नाना प्रत्येक तुकडा आधी मोजून देत. एका भोकाला हलकं झाकण लावलं. दोन दिवस सगळी वस्ती त्यातून बाहेर पडताना नानांनी दुर्बिणीतून मोजली, तिसऱ्या दिवशी माळा शांत आहे याची खात्री केली आणि मग तेही भोक बुजवलं. साडेदहाला ते सवयीनं काठी घेऊन उभे राहिले. तीनदा ठोकलं. वरून काही आलं नाही. 'म्हणणे : नाही,' असं लिहून त्यांनी वही मिटली, पण त्या दिवशी ते जेवले कमी, असं माईंनी सांगितलं.

आठ-दहा दिवसांनी दुपारी मी आडवा झालो होतो आणि माझ्या डोक्यावर खुडबुड झाली. आमचंही घर पत्र्याचं. उठून दार उघडतो तर नाना पायरीवर, हातात टेप, काखेत वही.

"नाना, या तुमच्या खारी आहेत."

"माझ्या कशा? हद्द कायम झालीय. तिकडून निघाल्याची नोंद आहे माझ्याकडं तारखेसकट. इकडं कधी आल्या ते तुम्ही सांगायचं." ते आत येऊन खुर्चीवर बसले आणि आधी आमच्या भिंतींकडं बघू लागले. मी त्यांना घाईघाईनं छत दाखवलं.

"अर्ज द्यावा लागंल," नाना म्हणाले. "आमच्या वेळच्या हिशेबानं साधी मोजणी करायची, तातडीची का अतितातडीची?"

वर काहीतरी ओढत नेल्याचा आवाज आला. आमच्याही गाद्या तिथंच आहेत.

"अतितातडीची," मी म्हणालो.

"तिला फी जास्त पडते." नानांनी चष्मा पुसला, माई शेजारच्या अंगणात नाहीत याची खिडकीतून खात्री केली आणि आमच्या स्वैपाकघराकडं तोंड करून कांदाभज्यांची मागणी नोंदवली.